ओव्हाळकाकांची तिसरी फेरी

अन्याय विश्वनाथ ओव्हाळ यांच्यावर झाला. राहणार धायरी, आमचीच सोसायटी, बी विंग, दुसरा मजला. गेल्या फेब्रुवारीतला दुसरा रविवार, सकाळचे सव्वाअकरा. ठिकाण, बिल्डरच्या माहितीपत्रकात जिला क्लबहाउस म्हटलं होतं ती पत्र्याची खोली. साक्षीदार, मासिक सभेला आलेले सगळे. अन्याय करणारी मी, स्नेहल, ए विंग, दुसरा मजला. आमच्या आणि त्यांच्या गॅलरीत फक्त पार्किंगच्या रुंदीचं अंतर.

मी पत्रकं लिहिते. सिंहगड रस्त्यावरचे फुटलेले फूटपाथ, छप्पर नसलेले बसथांबे, कंत्राटी सफाई कामगारांचे हातमोजे, असे आमच्या गटाचे विषय. पहिल्या ओळीत कोणाचं तरी नाव घ्यायचं, हे मी शिकले आहे. आजवर ते नाव दुसऱ्याचं असायचं, आणि पत्रक दुपारच्या चहाआधी तयार व्हायचं. हे लिहायला मला चार महिने लागले.

ज्यांनी ओव्हाळकाकांना पाहिलं नाही त्यांना आधी त्यांचा खिसा सांगते. त्यात पेन नसायचं, खडू असायचा. पिंपरीकडच्या एका मोटारींच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी शेवटच्या तपासणीवर गेली. तयार गाडी दाराबाहेर पडण्याआधी त्यांच्यापुढे यायची. ते दोष शोधायचे आणि दोष असेल तिथे खडूने खूण करायचे. त्या खात्याचा एक नियम होता, की ज्याने दुरुस्ती केली त्याने स्वतः ती खूण पुसायची नाही. गाडी पुन्हा चालवून बघायची, दोष खरंच गेला असेल तरच खूण पुसली जायची, आणि तीही दुसऱ्याच्या हाताने. निवृत्त झाल्यावर काका हा नियम जसाच्या तसा आमच्या पार्किंगमध्ये घेऊन आले.

सकाळी घरी वंदना करून, चहा घेऊन ते खाली उतरायचे. एका हातात स्टूल, दुसऱ्या हातात हत्यारांचा प्लास्टिकचा क्रेट. कोणाच्या गाडीच्या काचेमागे तो पिवळा दिवा लागला, इंजिनाच्या चित्राचा, की माणूस गॅरेजला जाण्याआधी काकांकडे यायचा. स्टिअरिंगखाली एक खाच असते, तिथे ते आपला छोटा स्कॅनर खोचायचे आणि गाडीची तक्रार आकड्यांत वाचायचे. वाचली की आधी खांबावर खडूने लिहायची. फ्लॅटचा नंबर, तक्रारीचा आकडा, तारीख. मग हात धुवायचे. मग बॉनेट उघडायचं. “आधी लिहायचं, मग हात लावायचा. हात लावल्यावर माणूस स्वतःच्या सोयीचं लिहितो,” असं ते म्हणायचे. ते पैसे घेत नसत. कोणी फारच मागे लागलं तर म्हणायचे, “मला पेन्शन आहे, तुम्हाला गाडी आहे, दोघांचं बरं चाललंय.”

खांब घाण होतात म्हणून सेक्रेटरींनी त्यांना एकदा हटकलं होतं. काका म्हणाले, “खांब धुता येतो, साहेब. तुम्ही मागच्या महिन्यात इंजिन धुतलंत, त्याचं काय झालं ते आठवा.” सेक्रेटरींनी खरोखरच पाण्याच्या पाइपने इंजिन धुऊन काढलं होतं, आणि गाडी दोन दिवस सुरू झाली नव्हती. पार्किंगमध्ये हशा झाला. मीही हसले होते. तो हशा सेक्रेटरींनी कुठे जपून ठेवला ते मला नंतर कळलं.

माझी त्यांची ओळख पत्रकावरूनच झाली. मी गेटवर फूटपाथचं पत्रक वाटत होते. लोक घेतात, घडी करतात, लिफ्टपाशी टाकतात. हा माणूस गेटलाच उभा राहून दोन्ही बाजू वाचून काढत होता. वाचून झाल्यावर मला म्हणाला, “इथे लिहिलंय, फूटपाथ दोन फुटांचा उरलाय. मोजला होतास?”

मी म्हटलं, अंदाज आहे.

“मग ‘अंदाजे’ लिही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते टेप घेऊन खाली उभे. आम्ही दोघांनी चौकापर्यंतचा फूटपाथ मोजला. ते टेपचं टोक धरून वाकायचे आणि मी आकडे लिहायचे. काही ठिकाणी दोन फुटांहूनही कमी निघाला. “बघ, खरं तुझ्या अंदाजापेक्षा वाईट आहे. तू उगाच त्यांना सवलत देत होतीस,” ते म्हणाले. त्या दिवसापासून मी त्यांची ‘स्नेहल’ आणि ‘तू’ झाले. माझ्या गटातल्या मित्रमैत्रिणींना मी त्यांच्याबद्दल कौतुकाने सांगायचे. आता हे आठवलं की कानशिलं गरम होतात, कारण मोजण्याचा धडा मी फूटपाथापुरताच घेतला होता.

आमच्याकडे बाबांची जुनी गाडी आहे. बसथांब्यांसाठी ओरडणाऱ्या मुलीच्या घरी गाडी, यावरून मला कमी टोमणे बसलेले नाहीत. काकाच म्हणायचे, “बसवाल्या बाई आल्या, त्यांच्या गाडीला जागा करा.” पण आईचं खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून आठवड्यातून तीन वेळा तिला स्वारगेटजवळ व्यायामाला न्यावं लागायचं, आणि बसची पायरी तिला चढता येत नव्हती. त्यामुळे फेब्रुवारीत त्या गाडीचा पिवळा दिवा लागला तेव्हा घरात सगळ्यांचेच चेहरे उतरले. आई तर म्हणाली, की आता मी कॉटवरच पडून राहते.

बाबा गॅरेजला गेले. तिथल्या माणसाने गाडी सुरू करून बघितली आणि सेन्सर बदलावा लागेल म्हणून सांगितलं. बाबा बुलढाण्याकडचे, लगेच हो म्हणत नाहीत. विचार करून सांगतो म्हणाले आणि गाडी घेऊन थेट काकांच्या खांबाशी आले. काकांनी स्कॅनर लावला, खांबावर आकडा लिहिला आणि आम्हाला समजावलं, की इंजिनात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त जातेय. कुठून तरी चोरवाटेने आत शिरतेय, आणि सेन्सर तेवढंच सांगतोय.

“तक्रार करणाऱ्यालाच बदलायचं म्हणजे कमाल झाली,” ते म्हणाले.

मी म्हटलं, काका, हे मी फलकावर लिहिणार.

चोरवाट शोधायची त्यांची पद्धत बघायला माणसं थांबायची. आधी त्यांनी सगळ्या पेट्रोलच्या नळ्या कापडाने पुसल्या, वास घेतला, थेंबभरही गळती नाही याची खात्री केली, वाळूची बादली पायाशी ठेवली. मग इंजिन सुरू करून एक अगरबत्ती पेटवली आणि ती हवेच्या नळ्यांजवळून सावकाश फिरवली. धूर सरळ वर जात होता. एका कोपऱ्यात तो अचानक वाकला आणि रबरी नळीच्या खालच्या बाजूला ओढला गेला, जणू कोणी आतून श्वास घेतला. नळीला खालून चीर होती, डोळ्यांना न दिसणारी. काकांचा चेहरा अशा वेळी लहान मुलासारखा व्हायचा. “बाबासाहेबांच्या फोटोपुढे लावतो त्याच पुड्यातली आहे. खरं सांगते,” ते म्हणाले.

नळी ते स्वतः नाना पेठेत जाऊन घेऊन आले, नमुना हातात धरून, तीन दुकानं फिरून. कंपनीची मिळाली नाही, तशाच मापाची दुसरी मिळाली. गुरुवारी दुपारी ती बसवली. इंजिनाचा आवाज लगेच सुधारला, मलाही कळलं. पण दिवा तसाच होता.

मी म्हटलं, स्कॅनरने घालवा की.

“घालवता येतो, एक बटण आहे. पण दुरुस्ती मी केली, मग दिवा मी कसा घालवू? बरी झाली की नुसती गप्प केली, हे कसं कळणार? तीन फेऱ्या मारा. सकाळी गाडी गार असताना काढायची, खडकवासल्यापर्यंत नाहीतर तेवढीच कुठेही न्यायची, परत आणायची. तीनदा तिला दोष सापडला नाही तर ती आपण होऊन दिवा घालवेल. तिसऱ्या फेरीपर्यंत खांबावरचं कोणी पुसायचं नाही.”

हे त्यांनी मला सांगितलं. बाबा तेव्हा वर गेले होते. मी मान डोलावली. माझ्या हातात फोन होता आणि मी गटावर कुठल्याशा निवेदनाचा मजकूर दुरुस्त करत होते. ‘तीन फेऱ्या’ हे शब्द मी ऐकले, पण ते डोक्यात थांबले नाहीत. बाबांना मी एवढंच सांगितलं, की झालंय, चालवायला हरकत नाही.

शुक्रवारी सकाळी बाबा आईला घेऊन गेले. दिवा होता. शनिवारी सकाळी मी घेऊन गेले. दिवा होता. परतताना सिंहगड रस्त्यावर नेहमीसारखं सगळं अडकलेलं, आई मागच्या सीटवर दुखऱ्या पायावर हात ठेवून बसलेली, आणि समोर तो पिवळा डोळा. मला वाटलं, मध्येच गाडी बंद पडली तर हिला उतरवू कुठे. त्या भीतीचा माझ्यात नेहमी राग होतो. मी गाडी रस्त्याकडेच्या एका गॅरेजात घातली. तिथल्या माणसाने बॉनेट उघडलं, नवीन नळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, “कुनी हात लावलाय हिला? ही कंपनीची न्हाय. घरगुती काम हाय हे.”

बस. तेवढं मला पुरलं. आकडा कुठला, चूक काय, काहीच विचारलं नाही. घरगुती. माझ्या आईला ज्या गाडीतून नेतो ती गाडी एका म्हाताऱ्याने हौसेसाठी उसवली, पेट्रोलजवळ अगरबत्ती पेटवली, आणि आम्ही कौतुकाने बघत उभे राहिलो. घरी येऊन मी बसले आणि पत्रक लिहिलं. शीर्षक होतं, ‘पार्किंग की प्रयोगशाळा?’ त्यात श्री. वि. ओव्हाळ हे नाव होतं. अगरबत्ती होती, वाळूची बादली नव्हती. ‘अप्रशिक्षित’ हा शब्द होता. ज्या माणसाच्या खुणेशिवाय कारखान्यातून गाडी बाहेर पडत नव्हती त्याला मी अप्रशिक्षित लिहिलं. पार्किंग ओलांडून समोर जायला दोन मिनिटं लागली असती. छापून आणायला मी वडगावपर्यंत गेले.

रविवारी बाबा आईपाशी थांबले, मी सभेला गेले. प्रत्येक खुर्चीवर एक कागद ठेवला. सेक्रेटरी, जे माझी पत्रकं गेटवरून ओरबाडून काढायचे, ते वाचून म्हणाले, “अहो ताई, फारच छान लिहिता आपण.” मी उभी राहून पत्रक मोठ्याने वाचलं. मला चांगलं वाचता येतं. काका दुसऱ्या रांगेत बसून स्वतःच्या हातातल्या कागदावर माझ्याबरोबर ओळी वाचत होते. फूटपाथचं पत्रक वाचत होते तसेच, दोन्ही बाजू.

मी संपवल्यावर ते उठले नाहीत. बसूनच त्यांनी विचारलं, “गुरुवारपासून गाडी किती फेऱ्या गेली?”

“काका, विषय बदलू नका,” मी म्हटलं.

त्यांनी अजून एकदाही माझ्याकडे रागाने पाहिलं नव्हतं. थोडा वेळ वाट पाहिली, मला आठवेल म्हणून. मग ते पुन्हा हातातल्या कागदाकडे वळले.

आणि मग खोली बोलू लागली. खांब, खडू, क्रेट, स्टूल, सकाळी सकाळी इंजिनाचे आवाज. ज्यांच्या गाड्या त्यांनी नीट केल्या होत्या तेही बोलले. कोणीतरी अगरबत्तीवरून काळ्या जादूचा विनोद केला. मग सी विंगमधले एक गृहस्थ, एरवी माझ्या फूटपाथच्या अर्जावर सर्वांत आधी सही करणारे, म्हणाले, “हे बघा, ही सोसायटी आहे. वस्ती नाही.” दोन-तीन जण हसले. बाकीच्यांनी हसू आवरलं.

त्या शब्दाचा अर्थ कोणाला सांगायला नको होता. मला तर नकोच होता. या शब्दावर मी व्यासपीठावरून बोललेली आहे, एप्रिलमधल्या कार्यक्रमांत, टाळ्या घेतलेल्या आहेत. आमच्या दारावर देशमुख अशी पाटी आहे, त्यामुळे तो शब्द माझ्या अंगावर येणार नव्हता. तो दुसऱ्या रांगेत जिथे जायचा होता तिथे गेला. मी तेव्हा उठून, हे मी म्हटलेलं नाही, एवढं जरी बोलले असते तरी पुढचं सगळं कदाचित वेगळं झालं असतं. पण माझं पत्रक जिंकत होतं. पाच वर्षांत माझं एकही पत्रक जिंकलं नव्हतं. मी गप्प बसले.

ठराव तिथल्या तिथे लिहिला गेला. ‘पार्किंगमध्ये कोणीही कोणत्याही वाहनाची दुरुस्ती करू नये व त्यासाठीचे साहित्य ठेवू नये.’ कोणाचंही नाव नाही. सेक्रेटरींनी वाचून दाखवला, शेवटी ‘एकमताने संमत’.

तेव्हा काका उठले. “मी हात वर केलेला नाही,” ते म्हणाले. “बहुमताने लिहा.”

सेक्रेटरींनी खाडाखोड केली. काकांनी जवळ जाऊन ती वाचली, माझ्या पत्रकाच्या चार घड्या करून ते खडूच्या खिशात ठेवलं आणि निघाले. दाराशी मी उभी होते. “ताई, जरा आपण बाजूला होता का?” ते म्हणाले. त्यानंतर मी त्यांच्या तोंडून कधी ‘स्नेहल’ ऐकलं नाही.

सोमवारी सकाळी बाबा आईला खडकवासल्याला घेऊन गेले, तिला पाणी बघायचं होतं म्हणून. धरणाशी गाडी बंद करून दोघं कणीस खात बसले. परतायला गाडी सुरू केली तेव्हा सगळे दिवे लागले तसे लागले आणि एकेक करून विझले. पिवळाही विझला. ती तिसरी फेरी होती. बाबांना हे ठाऊक नव्हतं, पण मला आता आठवलं. ते आनंदाने सांगत घरात शिरले आणि माझा चेहरा बघून थांबले. मग माझ्याकडून सगळं काढून घेतलं, सभा, पत्रक, काकांचा प्रश्न.

“काऊन गं,” ते म्हणाले, “कागद छापायच्या आधी त्याईले एकदा इचारलं होतं का तू?”

मी नाही म्हटलं. ते आतल्या खोलीत गेले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

वर्तमानपत्राने आमच्या गटाबद्दल काही चुकीचं छापलं की खुलासा दुसऱ्याच दिवशी, त्याच पानावर यायला हवा, असा आग्रह धरणारी मी. मला अकरा दिवस लागले. कारणं मी उत्तम शोधली. आईचे व्यायाम होते, गटाचं आंदोलन होतं, योग्य शब्द सापडत नव्हते. खरं कारण एकच, की मला समोरच्या गॅलरीत बघवत नव्हतं. काका सकाळी तिथे स्टूल टाकून बसायचे. तेच स्टूल. खालचा खांब वॉचमनला सांगून धुऊन घेतला गेला होता, आमच्या गाडीच्या आकड्यासकट. कोणाचा पिवळा दिवा लागला की तो माणूस वर न बघता गाडी काढून गॅरेजला जायचा. आणि त्याच आठवड्यात सेक्रेटरींच्या गाडीची बॅटरी बदलायला एक माणूस आला. भर पार्किंगमध्ये, हत्यारं पसरून, तासभर. ठराव कोणालाही आठवला नाही. मला आठवला. मी गॅलरीतून बघत राहिले, समोरून काकाही बघत होते, आणि आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

अकराव्या दिवशी मी त्यांच्या दारात गेले. हातात कागद होता, अर्थातच. काकांनी मला आत बसवलं, पाणी दिलं. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्या बाजूला काकूंची, आणि खाली कपाटावर तो स्कॅनर, कापडात गुंडाळलेला. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला. नेहमीसारखा, दोन्ही बाजू, मागची कोरी होती तरी.

“इथे ‘गैरसमज’ लिहिलंय, ताई,” ते म्हणाले. “गैरसमज झाला म्हणजे दोघांचा झाल्यासारखं वाटतं. माझा काही झाला नव्हता.”

मी पेन काढलं. त्यांनी हाताने थांबवलं. दिवा विझल्याचं बाबांनी त्याच संध्याकाळी येऊन त्यांना सांगितलं होतं, माफीही मागितली होती. मला हे माहीतच नव्हतं. काका म्हणाले, वडिलांनी मागायची गरज नव्हती, आणि तुम्ही हा कागद मला देऊन उपयोग नाही. नळी चांगली बसली होती हे त्यांना गुरुवारीच ठाऊक होतं. हा कागद त्या खोलीतल्या खुर्च्यांवर ठेवायला हवा, कारण आधीचा तिथे ठेवला होता. तुम्ही याल का सभेला, मी विचारलं. “नाही. तिथे माझं काम नाही,” ते म्हणाले. “तुमचं आहे.”

मार्चच्या सभेला मी ‘गैरसमज’ काढून ‘मी खोटं छापलं’ असं लिहून नेलं आणि प्रत्येक खुर्चीवर ठेवलं. सेक्रेटरी म्हणाले, हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नाही. मी तरीही वाचलं. मला वाचता येतं म्हटलं ना, त्या दिवशी येत नव्हतं. मग ठराव रद्द करण्याची सूचना मांडली. अनुमोदन कोणाचं, असं विचारल्यावर बाबा उठले. मतदानाला तीन हात वर झाले. बाबांचा, माझा आणि सी विंगमधल्या एका भाडेकरूचा, ज्याची गाडी काकांनी दोनदा नीट केली होती. भाडेकरूला मत नसतं आणि एका फ्लॅटला एकच मत असतं, असं सेक्रेटरींनी समजावून सांगितलं. वस्तीवाले गृहस्थ फोनमध्ये बघत होते. सभा संपताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “एवढं मनाला लावून घेऊ नकोस. त्यांना वैयक्तिक कोणी काही म्हटलेलं नाही.”

काकांची मुलगी नाशिकला असते. काकू गेल्यापासून ती त्यांना बोलावत होती. ते दर वेळी एकच सांगायचे, इथे मला सकाळचं काम आहे. आता ते कारण उरलं नव्हतं. एप्रिलच्या अखेरीस दुपारी टेम्पो आला. सामान थोडंच होतं. बाबा आणि मी खाली उतरवायला मदत करत होतो. बाबा त्यांना मिठी मारून रडले. मी क्रेट उचलून टेम्पोत ठेवला, त्याच्या तळाला खडूचे तुकडे घरंगळत होते. जाताना काकांनी आमच्या गाडीकडे बघितलं आणि मला विचारलं, “दिवा परत लागला होता का?”

नाही, मी म्हटलं. एकदाही नाही.

“लागेल. जुनी आहे,” ते म्हणाले. “लागला की आधी लिहून ठेवा, ताई. कोणी म्हटलं तरी लगेच घालवू नका.”

टेम्पो धायरी फाट्याकडे वळला. सेक्रेटरी खाली वर्तमानपत्र घ्यायला आले होते. म्हणाले, भला माणूस होता.

आता तुमच्याकडे मागणी. तुम्ही हे वाचून हळहळाल, ते मला नको आहे. तुमच्या सोसायटीची ठरावांची वही सेक्रेटरींकडून मागून घ्या, सभासद म्हणून तुम्हाला ती बघता येते. त्यात एक ठराव सापडेल. त्यात कोणाचंही नाव नसेल, आणि तो कोणासाठी केला हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. तुम्ही हात वर केला होतात, किंवा माझ्यासारखे गप्प बसला होतात. तो रद्द करायची सूचना येत्या सभेत मांडा. पडली तर पुढच्या सभेत पुन्हा मांडा, मीही मांडते आहे. पण सभेची वाट बघू नका. त्या माणसाचं दार तुम्हाला माहीत आहे. आज जा, हातात कागद न घेता, आणि जे तेव्हा विचारायला हवं होतं ते विचारा. तो अजून तिथे राहतो आहे तोवर जा.